निळ्या चोचीचा पोपट

मळवली, वसुबारस

आज ही वही उघडायला फार उशीर झाला, माफी असावी. राग निवेपर्यंत अंगणात फेऱ्या मारत होतो. संध्याकाळी पाहतो तर दाराचं मण्यांचं तोरण नाही! माझ्या बायकोने शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर बसून ओवलेलं. त्यावर मण्यांच्या पोपटांची रांग; लाल मणी संपले, म्हणून एका पोपटाची चोच निळी.

माझा धाकटा मुलगा गणपत लोणावळ्याच्या एका बंगल्यावर माळी आहे. त्यानेच नेलं.

"बाईसायबांना दिवानखान्यात लावाया पायजे व्हतं. पाडवा झाला की आनतो, आबा."

"आन् चंद्रा पयल्या दिवाळीला माहेरी येनार, ती दारात काय बघंल?"

"आंब्याची पानं बांधू. तिला कुटं कळतंय!"

लेकीला कळत नाही? सासरी निघताना टाचा उंचावून तिने त्या निळ्या चोचीवर बोट फिरवलं होतं. तिच्या आईचं घरात तेवढंच उरलंय. उसनं द्यायला ते काय घमेलं आहे?

उद्या मीच जाऊन उतरवून आणतो. बाईंनी गणपतला कामावरून काढलं तर? काढू दे. पण मग खायचं काय?

चंद्रा, कधी निघतेस ते लवकर कळव गं. पाडवा झाल्यावर, एक दिवस उशिरा ये, पण मोकळ्या दारात येऊ नकोस.