ओला फळा

३ जुलै
आले एकदाची! शाळा टुमदार, वर्ग हवेशीर, फळा लख्ख. महिनाभर चौथीवर सराव पाठ घ्यायचे, मार्गदर्शक बाईंची सही मिळवायची, की झाले मी शिक्षिका. मागच्या वर्षी वर्ग सांभाळता आला नाही म्हणून नापास झाले. दादाने बजावलंय, यंदाही दांडी गुल झाली तर गुमान दुकानात बसायचं. गल्ल्यावर बसायला माझा जन्म नाही. मार्गदर्शक बाई प्रेमळ वाटल्या. आवाज मात्र कोरडा, घोगरा. सारख्या पाणी पितात.

५ जुलै
वर्ग कसला, नुसता बाजार! माझे अपूर्णांक वाऱ्यावर गेले. पहिल्या बाकावरची मुलगी, तिला सगळे चिमणी म्हणतात, ती तर माझ्याकडे पाठ करून बसली. शेवटी मार्गदर्शक बाई उठल्या, तळहातावर थुंकल्या आणि त्याच हाताने फळा पुसला. शी! लहानपणी पाटी थुंकीने पुसली म्हणून आम्ही मार खाल्लाय, आणि ही पन्नाशीची बाई! पण वर्ग चिडीचूप झाला. मी सख्ख्या भावाचं उष्टं खात नाही.

७ जुलै
पुन्हा फजिती. बाई म्हणाल्या, या पोरांना डस्टर चालत नाही. ज्याची थुंकी, त्याचा वर्ग. मी म्हटलं, मेले तरी करणार नाही. त्या हसल्या आणि सहीचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

१० जुलै
केलं. हात पुन्हा पुन्हा धुतले, तरी बोटांच्या बेचक्यात तो खडूचा चिकट लगदा आहेच असं वाटतं. पण मुलं काय गुणी बसली! उत्तरं फटाफट. किळस आली, आणि लिहायला लाज वाटते, आनंदही झाला.

१३ जुलै
छत्री विसरली म्हणून मधल्या सुट्टीत वर्गात परतले. मुलं फळ्याशी रांगेत उभी. चिमणी टाचा उंचावून फळा चाटत होती, सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून. सगळ्यांच्या जिभा पांढऱ्या. मला बघून कुणी दचकलंसुद्धा नाही. चिमणी म्हणाली, बाई, तुमची गोड आहे. त्या बाईंची संपली. नळाशी जाऊन ओकले.

१७ जुलै
तोंड कोरडं पडलंय. तांब्याभर पाणी प्यायले तरी थुंकी सुटत नाही, घास उतरत नाही. मार्गदर्शक बाईंचा आवाज मात्र मोकळा झालाय. पाण्याची बाटलीही आणत नाहीत. मी शिकवताना मुलं फळ्याकडे बघत नाहीत. माझ्या ओठांकडे बघतात.

१९ जुलै
सोडून जाते म्हटलं. बाई म्हणाल्या, महिना भरायची गरज नाही, उद्या शेवटचा पाठ, लगेच सही. दुकान डोळ्यांपुढे आलं. एकच तर पाठ—

२० जुलै
सही झाली. पाठ सुरू व्हायच्या आधीच. बाईंनी कागद टेबलावर ठेवला, बाहेर गेल्या, आणि कडी— बाहेरून.

फळा भरलाय. पुसायला थेंब नाही. जीभ टाळूला चिकटलीये. हाक मारायला गेले तर आवाज—

मुलं उठली. गोंधळ नाही, ढकलाढकली नाही. सरळ रांग. असा वर्ग मिळावा म्हणून मी—

चिमणी खुर्चीवर चढली. आंबूस वास. पांढरी जीभ. माझी हनुवटी धरून लाडाने सांगतेय, बाई, आ करा, मोठ्ठा आ