अँटेनाची गुढी

॥ श्री ॥

देवास,
२८ मार्च २०१९

ती. अक्कास,
तात्याचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझी भावजय अलका माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या गुडघ्याची सेवा करून रंगपंचमीला परत येते असं सांगून ती धारला आली. रंगपंचमी झाली, माझ्या सदऱ्यावरचे डाग अजून तसेच आहेत.

मुख्य बातमी ही की मी केबल काढून टाकली. आता नवा नियम निघाला आहे, आपल्याला हव्या त्या वाहिन्या आपणच निवडून सांगायच्या. मी सांगितल्या, पण आल्या भलत्याच. केबलवाल्या अंशुलला जाब विचारला तर म्हणतो, काका, सिस्टम में यही आ रहा है. माझं डोकंच फिरलं. जन्मभर कारखान्यात विजेचं खातं सांभाळलेला माणूस मी, ह्या पोराकडून सिस्टम शिकू? त्याला म्हटलं, उचल तुझी वायर. आता छतावर बांबू उभा केला आहे, त्याला अँटेना बांधली आहे, खाली एक लहानसा डबा जोडला आहे. इंदूरच्या टॉवरवरून दूरदर्शन थेट हवेतून घरात! कोणाची मिनतवारी नको.

अडचण एवढीच की आमच्या घराच्या आणि इंदूरच्या मधोमध देवीची टेकडी येते. त्यामुळे निवेदिकेचं तोंड मधेच चौकोनी होऊन थिजतं. अँटेना केसभर फिरवली की सुधारतं, पण हे काम एकट्याचं नाही गं. वर एकाने फिरवायचं, खाली एकाने टीव्हीसमोर उभं राहून आलं, गेलं म्हणून ओरडायचं. मी वर फिरवतो, जिना उतरून बघायला येतो, तोवर गेलेलं असतं. शेजारच्या उमाशंकरला उभं केलं, तर तो गव्हाच्या कार्यक्रमात रंगून गेला आणि ओरडायचंच विसरला. मी वर उन्हात बांबूला धरून उभा.

अलकेला सांग, मुळीच घाई नाही. फक्त कधी येते ते कळव.

लोभ असावा, नव्हे, तुझा आहेच. तो तिच्याकडेही थोडा पोचव.

तुझा,
तात्या

॥ श्री ॥

धार,
२ एप्रिल २०१९

चि. तात्यास,
सरलाअक्काचे अनेक आशीर्वाद.

माझा गुडघा ठणठणीत आहे. काल बाजारातून चालत आले. अलका गुडघ्यासाठी आलीच नव्हती हे तुला कळत नसेल तर तुझ्या त्या डब्याआधी तुझंच डोकं तपासायला हवं.

तिने मला सगळं सांगितलं. मालिकेत त्या मुलीचं लग्न लागत होतं, नवरीने हार हातात घेतला होता, आणि नेमकी तेव्हा तू भिंतीतून वायर उपटलीस. बिचारीला नवरीने हार कोणाला घातला ते इथे येऊन कळलं. मला स्वतःला ह्या मालिका मुळीच आवडत नाहीत. बायका झोपतानाही दागिने घालून झोपतात. आमच्या सासरी दरबारच्या जमान्यातसुद्धा असं पाहिलं नाही. पण एक सांगते, त्या नवरीच्या थोरल्या जावेची लक्षणं ठीक नाहीत. परवा तिने दुधात काहीतरी टाकलं. मी अलकेला म्हटलं, आज जेवण लवकर आटपून घेऊ.

तिचा राग मालिकेचा नाही, तात्या. तू अंशुलशी बोललास, उमाशंकरला विचारलंस, बांबूवाल्याशी चर्चा केलीस. घरात एक बाईमाणूस आहे, संध्याकाळची दोन घटका तीही त्या टीव्हीसमोर बसते, तिला एका शब्दाने विचारावंसं तुला वाटलं नाही. तिला विचारून वायर काढली असतीस तर तिने स्वतः पक्कड आणून दिली असती, असं ती म्हणाली.

पाडवा आला आहे. गुढी नीट उभार आणि दिवस मावळायच्या आत उतरव. तुझं काही सांगता येत नाही.

आशीर्वाद आहेतच, अक्कल मात्र तुझी तूच आण.

अक्का

॥ श्री ॥

देवास,
९ एप्रिल २०१९

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. त्यातल्या बोलण्याकडे शेवटी येतो, आधी गुढीचं सांगतो.

पाडव्याला बांबू शोधला तर घरात एकच, तो अँटेनाचा. मी विचार केला, देवाच्या कामाला काय हरकत आहे? त्याच बांबूला वर तांब्या पालथा घातला, कडुलिंब बांधला, साखरेची गाठी बांधली. वस्त्र हवं म्हणून कपाट उघडलं आणि हाताला लागली ती अलकेची जांभळी माहेश्वरी चांगली निऱ्या घालून नेसवली. आणि अक्का, काय सांगू! गुढीच्या वजनाने बांबू किंचित कलला, आणि खाली चित्र असं लख्ख आलं की निवेदिकेच्या कानातली कुडीसुद्धा दिसली!

आता तूच सांग, उतरवू कशी? संध्याकाळी हात लावला तर चित्र थरथरलं. हात काढला. तेव्हापासून गुढी वरच आहे. गाठी खारीने खाल्ली, कडुलिंब वाळला, पण चित्र टिकून आहे. उमाशंकर रोज कुंपणाशी येऊन विचारतो, भिया, तमारो तेवार कद तक चलेगो? त्याला म्हटलं, आमच्यात हा सण मोठा असतो.

तृतीयेला गौर मीच बसवली. अलका दरवर्षी बसवते, ती खंडायला नको. झोपाळा सापडला नाही, म्हणून अँटेनाच्या उरलेल्या वायरचा केला. देवी जराशी तिरकी बसली आहे. कैरीची डाळ वाटली, तिखट फार झाली, एकट्याने खाताना डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचंच आलं असं मी उमाशंकरला सांगितलं. चित्र स्वच्छ आहे गं, पण समोर बसून बघायला कोणी नाही. घर खायला उठतं.

माझं चुकलं असं तिला सांग. नको, सांगू नकोस, आल्यावर मीच सांगेन.

ममता कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
तात्या

॥ श्री ॥

धार, रामनवमी

चि. तात्यास आशीर्वाद. थोडक्यात लिहिते, कारण टपालात टाकायला अलकाच घेऊन जाते आहे.

अरे करंट्या, गुढी एवढे दिवस उभी! आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी तुला चौकात उभं केलं असतं. तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होते. अँटेनाच्या बांबूचीच गुढी केलीस इथवर अलका बसून ऐकत होती. माहेश्वरीपाशी ती उठून उभी राहिली. ती साडी तिच्या आईने दिलेली आहे, ठाऊक आहे ना? पुढचं, गौरीचं आणि डाळीचं, तिने माझ्या हातातून कागद ओढून स्वतः वाचलं. मग पिशवी भरायला लागली. साडीसाठी निघाले आहे, दुसऱ्या कशासाठी नाही, असं तिने मला बजावलं. मी म्हटलं, हो बाई.

इंदूरला बस बदलून दुपारपर्यंत पोचेल. म्हणजे हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तुझं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

कल्याण असो. त्याची तुला गरज आहे.

अक्का

॥ श्री ॥

देवास,
१६ एप्रिल २०१९

ती. वन्संना,
अलकेचा शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. कोपऱ्यावर वळले तोच छतावर माझी माहेश्वरी फडफडताना दिसली. उन्हाने एक बाजू पार फिकी पडली आहे. अख्ख्या गल्लीने ती बघून घेतली. तोंडात शब्द भरूनच घरात शिरले, आणि समोर गौर. वायरच्या झोपाळ्यात तिरकी बसलेली, पुढे कलिंगडाचं कमळ कापायला घेऊन अर्ध्यावर सोडलेलं. हे बाजूला उभे, हातात सुरी. रागवायचं होतं हो, पण हसूच फुटलं. मग थोडं रडूही आलं. ह्यांनी माझं चुकलं असं म्हटलं, आणि ते सुरी खाली ठेवून म्हटलं.

गुढी मी सांगून उतरवून घेतली. चित्र गेलं, ते गेलंच. लगेच हे बांबू फिरवायला वर गेले आणि मला टीव्हीसमोर उभं केलं. वरून विचारलं, आलं का? मी म्हटलं, नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. वन्सं, इतक्या वर्षांत ह्यांनी मला एवढ्या वेळा काही विचारलेलं आठवत नाही, आणि प्रत्येक वेळी उत्तराची वाट बघत थांबत होते. खिडकीतून वाकून पाहिलं तर डोक्याला टोपी नाही, बांबूला दोन्ही हातांनी धरलेलं, चेहरा लालबुंद. टीव्ही काळाठिक्कर होता. मी ओरडून सांगितलं, आलं! नक्की का असं विचारलं. म्हटलं, अगदी स्वच्छ!

खाली आले, घाम पुसत माझ्या शेजारी बसले. काळ्या टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि वा, काय सुरेख आलंय, असं म्हणून त्यांनी ताज्या डाळीची वाटी पुढे ओढली. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं त्या काळ्या काचेसमोर बसून होतो.

मग ह्यांनी विचारलं, अंशुलला बोलावू का, तुझ्या वाहिन्या तू निवड. मी नको म्हटलं. वन्सं, मालिकेचं तुम्हीच दर आठवड्याला कळवत जा. थोरल्या जावेने दुधात काय टाकलं होतं ते आधी लिहा, जीव टांगणीला लागला आहे.

आता थांबते. ऊन उतरलं आहे, हे वर गेलेत आणि आलं का म्हणून कधीपासून विचारताहेत.

आहे तशीच माया ठेवा, आणि पत्र मालिका संपल्याबरोबर लिहायला बसा.

तुमची,
अलका