रिकाम्या खोक्यातले वाल

आई, काल मी पुन्हा ती वालाची गोष्ट सांगितली. आमच्याकडच्या एका फिटरची बदली झाली, त्याला निरोप द्यायला शेजारच्या क्वार्टरमध्ये माणसं जमली होती. चहा झाला, पानं झाली, आणि नव्याने आलेल्या एका कारकुनाने विचारलं, "यांचं आडनाव वेगळंच आहे ना? मग सगळे यांना बिरडे का म्हणतात?" झालं, सगळे माझ्याकडे वळले. चार माणसांत मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. लग्नकार्यात मी भिंतीला टेकून बसतो आणि जेवण झालं की उठतो. पण ही एक गोष्ट मला इतकी पाठ झाली आहे, की कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, सगळं आपोआप होतं. काल तर नवा कारकून हसता हसता ठसका लागून बाहेर गेला. मी घरी आलो आणि तेव्हापासून मला लाज वाटते आहे. आज रविवार, कचेरी नाही, म्हणून सकाळीच दारापुढच्या ओट्यावर लिहायला बसलो. गोष्ट मी लोकांना सांगतो तशी नाही, झाली तशी लिहितो.

बाबा गेल्यावर कर्जतजवळचं आपलं घर कुलूप लावून तू खोपोलीला माझ्याकडे आलीस. बरोबर एक पत्र्याची पेटी आणि वालांचं गाठोडं. शेत दुसऱ्याचं, खंडाने कसायला घेतलेलं होतं, ते बाबांबरोबरच गेलं. तेव्हा लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. मी बिजलीघराच्या गुदामात हंगामी कारकून होतो आणि हंगामी माणसाला मिळते तशी एक खोली मला मिळाली होती. त्या खोलीत दिवसभर बसून तुला करमेना. गुदामाच्या ओसरीवर रोजाने दोन-तीन बायका कामाला असत, त्यांच्याजवळ तू आधी नुसती बसायला म्हणून गेलीस आणि मग कामालाच लागलीस. मला ते आवडलं नव्हतं. कारकुनाची आई रोजावर, असं लोक म्हणतील असं वाटलं. पण हेडक्लार्क म्हणाले, "असू द्या हो, बाईंचा हात हलका आहे," म्हणून मी गप्प बसलो.

काम विजेच्या दिव्याच्या काचेच्या गोळ्यांच्या पुठ्ठ्यांचं. मुंबईच्या कचेरीतून मोठं खोकं यायचं. आत पुठ्ठ्याचे खण आणि प्रत्येक खणात पुठ्ठ्याच्या नळीत बसवलेला एक गोळा. ती नळी बाहेरून गुळगुळीत, आतून मात्र छपराच्या पन्हाळी पत्र्यासारखी उंचसखल, म्हणजे खोकं आपटलं तरी धक्का त्या पन्हाळीतच मुरावा. तू पहिल्यांदा ती हातात घेतलीस, आत बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "ही तर कुंची हाय रं. बाळाला घालतात तशी." तेव्हापासून गुदामात नळी हा शब्दच बंद झाला. हेडक्लार्कसुद्धा विचारायचे, कुंच्या किती झाल्या? लढाईत विलायतेहून पुठ्ठा यायचा थांबला होता, त्यामुळे कचेरीचा सक्त हुकूम होता, की गोळे काढून घेतले की कुंच्या आणि खोकी जपून परत पाठवायची, पुढच्या मालाला तीच वापरायची. चेपलेली कुंची तू लाटण्यावर चढवून गोल करायचीस, फाटलेलीला खळ लावून कागदाची पट्टी चिकटवायचीस आणि उन्हात उभी करून ठेवायचीस. ओसरीवर वाडीवरची एक ठाकरीण असायची, ती तुला म्हणायची, "म्हातारे, किती चोळतीस गं? उठून रडंल ते पुठ्ठं!" आणि तू म्हणायचीस, "रडलं तर तुझ्याच मांडीवर टाकीन."

आपल्या घरून कुणाचं भांडं रिकामं परत गेलेलं मला आठवत नाही. शेजारून वाडगा आला की परत जाताना त्यात काहीतरी असायचंच. घरात काही नसलं तर तू चिमूटभर साखर घालायचीस, आणि साखरही नसली तर दोन दिवस वाडगा ठेवून घ्यायचीस. मला हे माहीत होतं, पण गुदामात ते मला सुचण्याचं कारण नव्हतं. मुंबईला परत जाणाऱ्या प्रत्येक खोक्याच्या तळाशी तू आपल्या गाठोड्यातल्या वालांची एक पुरचुंडी ठेवत होतीस. लपवून नाही. कुणी विचारलं नाही आणि तुला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. तिकडे काय होत होतं कोण जाणे. बहुधा खोकी उघडणारा कुणी हमाल मुकाट्याने वाल घरी नेत असावा. पण श्रावणात एक खोकं कर्जतच्या मालधक्क्यावर गळत्या छपराखाली पडून राहिलं. मुंबईला पोचलं तोवर वाल फुगले, पुरचुंडीचं फडकं फाटलं आणि मोड खणाखणातून वर आले. सगळ्या कुंच्या ओल्या होऊन बुरसल्या होत्या.

मुंबईचे साहेब पाहणीला यायचे होते, ते येताना ते खोकं बरोबर घेऊन आले. आता हे मला डोळ्यांसमोर दिसतं आहे. खोकं ओसरीच्या मधोमध ठेवलं आहे. साहेब कठड्याशी उभे आहेत. हेडक्लार्क दोन बोटांनी एक मोड उचलतात आणि ओरडतात, "कुणाचा हा उद्योग? गुदाम आहे का वालाचं शेत?" बायका खाली बघतात. ठाकरीण कोपऱ्याकडे सरकते, कारण काही झालं की पहिलं नाव तिचंच घेतात. आणि तू पदराला हात पुसत उठतेस.

"मी घातलं त्यात."

"तुम्ही? अहो बाई, कशाला?"

"मोकळं कसं धाडायचं? तिकडनं दर वक्ताला भरून येतं. आपल्याकडनं नुसतं खोकंच जायचं?"

"तिकडनं म्हणजे कुणाकडनं?"

"त्ये तुमी सांगा, कोन धाडतं त्ये. त्याच्या घरी बी पोरंबाळं असतीलच का नाय?"

ठाकरणीला हसू आवरलं नाही. ती म्हणाली, "घ्या! म्हातारीनं मुंबईत सोयरीक केली!" हेडक्लार्कांना हसावं की रागवावं कळेना, ते साहेबांकडे बघत होते. साहेबांनी मला बोटाने पुढे बोलावलं आणि इंग्रजीत विचारलं, ही बाई काय म्हणते?

त्या दिवशी माझं काय पणाला लागलं होतं तेही लिहायला हवं. मला कायम करायचं की काढायचं हे त्याच पाहणीत ठरायचं होतं. हेडक्लार्कांनी तसं मला आधीच सांगून ठेवलं होतं. नोकरी गेली असती तर खोली गेली असती, आणि परत जायला कुलूप लावलेलं घर होतं, पण पोटाला शेत नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. पण तेवढं इंग्रजी मला येत होतं, आई. आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, एवढं एक वाक्य. शाळेत त्याहून अवघड वाक्यं मी केली होती. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलंही. पण समोर ते बुरसलेले पुठ्ठे, साहेबांचे बूट, आणि तुझ्या लुगड्याला लागलेली खळ. मी म्हणालो, "अडाणी बाई आहे, साहेब. तिला काही समजत नाही." माझी आई आहे असं म्हणालो नाही. बाई म्हणालो.

साहेब हसले. पुन्हा असं होऊ देऊ नका म्हणाले आणि पुढच्या खोलीकडे वळले. साहेब हसले म्हणून हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला आणि त्या भरात ते मोठ्याने म्हणाले, "सुटलात बाई! मुलाचे उपकार माना. त्यानंच साहेबांना सांगितलं, अडाणी आहे, तिला काही समजत नाही." शिपाई हसला, हमाल हसले. मीही हसलो. ठाकरीण तेवढी हसली नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. नीट ऐकू आलं नाही की समोरचा पुन्हा सांगेल म्हणून माणूस बघतो, तसं. मी दौत उचलली आणि साहेबांच्या मागे गेलो.

संध्याकाळी आपण बरोबरच घरी निघालो. वाटेत तू लुगड्यावरची खळ नखाने खरवडत होतीस. मग म्हणालीस, "वाल रुजलं व्हतं का रं?" मी हो म्हणालो. "मंजी बी चांगलं व्हतं," तू म्हणालीस.

माझी गोष्ट इथे संपते. लोक इथेच सगळ्यांत जास्त हसतात.

दुसऱ्या दिवशी तू कामावर गेली नाहीस, कंबर धरली म्हणालीस. नंतरही गेली नाहीस. राहिलेले वाल तू ठाकरणीला देऊन टाकलेस. त्याच महिन्यात मी कायम झालो, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि मोड आलेल्या वालांच्या बिरड्यावरून गुदामातल्या मंडळींनी माझं बिरडे असं बारसं केलं. एकदा दारातून कुणी "बिरडे आहेत का?" म्हणून हाक मारली. तू विचारलंस, "कुनाला इचारतोय ह्यो?" मी म्हणालो, मलाच. तू चुलीकडे तोंड केलंस. मी ते नाव कधी मोडून काढलं नाही. माणसं त्या नावाने हाक मारू लागली तेव्हा मला पहिल्यांदाच त्यांच्यातला झाल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं आहे.

मग शेजारच्या वहिनींनी पातोळ्या पाठवल्या. दोन दिवसांनी त्यांनी मला नळावर गाठलं. "भावोजी, आमचं काही चुकलं का हो?" "का, काय झालं?" "आईंनी ताटली परत धाडली. घासून लख्ख, पण रिकामी. मागच्या वेळची वाटीपण तशीच." मी हसून काहीतरी बोललो आणि घरी येऊन तुला विचारलं, ताटलीत काही घालायचं नाही का? तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हितली रीत मला काय ठावं? अडानी मानूस." टोमणा म्हणून म्हणाली असतीस तर मी चिडलो असतो, भांडलो असतो, कदाचित त्यातून काही निघालंही असतं. पण तू ते साधेपणाने म्हणालीस, मूल मास्तरांनी सांगितलेलं लक्षात ठेवतं तसं. माझ्या शिकण्याचा तुला अभिमान होता. मी जे इंग्रजीत सांगितलं ते खरंच असणार, असं तू धरून चाललीस. मला तेव्हा एक शब्द बोलता आला असता. मी हातपाय धुऊन जेवायला बसलो.

त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस. हिवतापाने गेलीस तेव्हा वाडीवरून ठाकरीण आली होती. दारात उभी राहून मला म्हणाली, "कामाची व्हती रं म्हातारी," आणि आत न येता गेली. पुढे माझं लग्न झालं. हिने तुला पाहिलेलं नाही. तुझ्याबद्दल हिला जे माहीत आहे ते त्या गोष्टीतलंच. दरवेळी ही हसते, कधी कधी मी विसरलो तर मधल्या वाक्याचीही आठवण करून देते. काल मात्र हसली नाही. निरोपाहून आम्ही दोघं परत येताना अंगणात थांबली आणि म्हणाली, "तुम्ही साहेब हसला म्हणता, हेडक्लार्क हसले म्हणता, सगळ्यांचं सांगता. सासूबाईंचं कधी सांगत नाही. त्या हसल्या होत्या का हो?"

मी म्हणालो, "हसली की. तीच सगळ्यांत जास्त हसली."

"मग बरं," ही म्हणाली, आणि आत गेली.

आत्ता ती आत भाकऱ्या थापते आहे, हाक मारली तर ऐकू जाईल. सकाळपासून दोनदा उठून दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. इतकं लिहून झाल्यावर तरी उठेन असं वाटलं होतं, पण तिला खरं सांगणार नाही बहुधा. हे कागदही जेवणाच्या आधी चुलीत जातील. आणि पुन्हा कुणी नवा माणूस आला आणि बिरडे का म्हणतात म्हणून विचारलं, तर मी गोष्ट सांगेन, जशी सांगतो तशीच. एवढं एकच निमित्त आहे, आई, की ज्यामुळे कुणी मला तुझ्याबद्दल बोलायला लावतं.