तिसऱ्या रांगेतलं हसू

क्लिदरो, लँकेशायर
सोमवार, ६ मार्च २००६

चि. क्लिफर्ड यास,

अ. आ. वि. वि. आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. मनात आज एकही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

काल रविवार. दुकान बंद होतं. मी चॅपलमधून येऊन वरच्या मजल्यावर बटाटे सोलत बसले होते, तर खाली दाराशी ही मोठी बस येऊन उभी! वुल्व्हरहॅम्प्टनहून चाळीस माणसं आली होती. कशाला, तर आपलं लोकरीचं दुकान बघायला. त्यातला एक पोरगेला माणूस, तुझी टीव्हीवरची विनोदी मालिका संपली तेव्हा त्याचा जन्मही झाला नसेल, तो काचेला नाक लावून ओरडला, "हात लावलात, विकत घेतलंत!" आणि चाळीसच्या चाळीस खिदळले. मी खिडकीतून बटाट्यांचं पाणी ओतलं. नेम थोडक्यात चुकला, एवढंच दुःख आहे.

'दोन सुलट, एक उलट' बंद पडून एकोणतीस वर्षं झाली रे. आईला जाऊन बावीस झाली. तरी हे मेलं भूत उतरत नाही. आई गिऱ्हाइकाला जे वाक्य खरोखर बोलायची, ते तू मालिकेतल्या त्या दुकानवाल्या मिसेस ग्रिमशॉच्या तोंडी घातलंस. आईचा डोक्याचा रुमाल तिला घातलास. आईची कंजुषी, आईचं चष्म्यावरून बघणं, सगळं उचललंस आणि साऱ्या देशापुढे मांडलंस. जन्मदात्या आईचं हसं करून पोट भरणारा मुलगा आमच्या गावात तरी दुसरा नाही.

आणि आज टपालात तुझ्या कंपनीच्या कुणा बाईचं पत्र. मालिका नव्याने डीव्हीडीवर येणार, म्हणून आमच्या दुकानात चित्रीकरण करायचंय आणि दुकानावरची आईच्या वेळची जुनी पाटी चार दिवस न्यायचीय म्हणे. माझं उत्तर नाही असं आहे. दुकानही नाही नि पाटीही नाही. तुला लाज असेल तर ती मालिका जिथे आहे तिथेच पुरून टाक.

गुडघ्यांचं विचारशील तर ते तसेच आहेत. लोभ करावा असं तू काही केलेलं नाहीस, तेव्हा ती ओळ कोरी सोडते.

एनिड


रिचमंड, लंडन
शुक्रवार, १० मार्च

ती. एनिडताई हिस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. बटाटे अजून सोलतच होतीस, म्हणजे पाणी गरम नव्हतं, हे ताडून जीव भांड्यात पडला.

ताई, त्या चाळीस माणसांनी रविवारची झोप मोडून, थंडीत, चार तास बसमध्ये घालवले. टिंगल करायला कुणी एवढा प्रवास करत नाही. मला अजून महिन्याला वीसेक पत्रं येतात. ग्रिम्स्बीच्या एका बाईने लिहिलंय की, नवरा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी जेवणाचा ट्रे मांडीवर घेऊन एक भाग लावते, कारण तेवढा अर्धा तास घरात माणसं असल्यासारखं वाटतं. त्या वेळच्या मोठमोठ्या मालिका आज कुणाला आठवत नाहीत. आपली आठवते. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. विनोद तर आता जुनेच झाले. मला वाटतं, लोक त्या बाईलाच भेटायला येतात.

तू मात्र एकही भाग पुरता न बघता तीस वर्षं निकाल देत बसली आहेस. न चाखताच आंबट म्हणायची तुझी लहानपणापासूनची खोड.

नवी आवृत्ती चांगली होणार आहे. रंग उजळणार, आवाज स्वच्छ करणार. आम्ही मँचेस्टरच्या स्टुडिओत दर शुक्रवारी तीनशे प्रेक्षक समोर बसवून रेकॉर्डिंग करायचो, त्या प्रेक्षकांचं हसणं तेवढं काढून टाकणार. निर्माती तरुण आहे, प्रिया नावाची, लेस्टरची. तिचं म्हणणं, आजच्या पोरांना मागचं हसणं सहन होत नाही. मी होकार दिला आहे.

मी सदुसष्टचा झालो. हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्यात. हे काम एकदा धड झालेलं बघायचंय, म्हणून पाटी मागतोय. चार दिवसांत परत करीन. तुझ्याशी भांडायची हौस नाही, पण तू सोडत नाहीस.

तुझा राग पचवून उरलेला,
क्लिफ


क्लिदरो
मंगळवार, १४ मार्च

क्लिफर्ड यास,

'चि.' मुद्दाम गाळलंय, चुकून नव्हे.

लंडनला बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इथे या गावात राहिलं कोण? मी. तुझी मालिका ऐन भरात होती, त्र्याहत्तर साल असेल. आईला घेऊन मी खाटकाकडे गेले होते. दुकान भरलेलं. आईने चॉप्स दाबून बघायला बोट पुढे केलं, आणि खाटकाने सगळ्यांदेखत म्हटलं की मिसेस ऑर्मरॉड, हात लावलात, विकत घेतलंत. सगळं दुकान हसलं. आईने मान खाली घातली, रुमाल पुढे ओढला. तिचे खांदे हलत होते, क्लिफर्ड. मी तिला माझा हातरुमाल दिला, आणि त्या खाटकाला असं काही सुनावलं की पुढची अकरा वर्षं मी मटण दुसऱ्या गावातून आणलं.

आणि तुझे ते शुक्रवार! तिकडे मँचेस्टरला तुझे तीनशे टाळकुटे जमायचे, आणि इकडे आई दुपारचं दुकान माझ्यावर टाकून बेरी गावी तिच्या बहिणीकडे, नेली मावशीकडे, पळायची. शनिवारी सकाळी परत यायची ती बेरीच्या बाजारातलं काळं पुडिंग, ते रक्ताचं सॉसेज, घेऊन, डोळे सुजलेले, आवाज बसलेला. काय झालं विचारलं तर म्हणायची, नेलीकडे झोप होत नाही. मला कळत होतं. बहिणीच्या गळ्यात पडून रडत असणार रात्रभर. पाच वर्षं! मी एकदाही तोंडावर बोलले नाही, तिला आणखी खजील कशाला करायचं म्हणून. तिच्यासाठी गावाशी भांडत मात्र राहिले. घरात कुणीतरी भांडायला हवंच होतं.

तिच्या अंत्यविधीला तू आलास, ते तुझ्या नटांनी पाठवलेलं लोकरीच्या फुलांचं चक्र घेऊन. मी ते त्याच दिवशी जाळलं, हे तुला आज सांगते.

हसणं काढा नाहीतर ठेवा, माझ्या लेखी सगळी मालिकाच जाळण्याच्या लायकीची. पाटी मिळणार नाही. उत्तर पाठवू नकोस.

एनिड ऑर्मरॉड


रिचमंड
शनिवार, १८ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. उत्तर पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवतोय. एक शपथ मोडतोय. जिने घातली तिने मला माफ करावं.

आई शुक्रवारी मँचेस्टरला यायची.

बेरी खरी होती, पण फक्त झोपण्यापुरती. दुपारी बसने मँचेस्टर, तिकीट नेली मावशीच्या नावाचं, तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथी खुर्ची. तिसाच्या तीस भागांना. रात्री मी तिला बेरीच्या गाडीत बसवून द्यायचो. तिचा आवाज बसायचा तो हसून हसून. डोळे सुजायचे तेही त्यानेच. ग्रिमशॉबाईंचे निम्मे किस्से तिनेच मला पत्रांतून कळवलेले आहेत. पाळकाच्या मांजराने लोकरीच्या गुंड्याला पंजा लावला, म्हणून पाळकाला तसले सहा गुंडे घ्यायला लावले, ते काय मी लंडनला बसून रचलं?

मी तिला पहिल्याच वर्षी विचारलं होतं, एनिडला सांगूया का. ती घाबरली. म्हणाली, खबरदार. ती पोर माझ्यासाठी साऱ्या गावाशी भांडते आहे. माझ्यासाठी आयुष्यात कुणी भांडलं नव्हतं, ना तुमचे वडील ना माझी आई. मी हसत होते असं तिला कळलं तर ती तोंडघशी पडेल. तिला भांडू दे.

आता तुला खोटं वाटणार, ते मला माहीत आहे. दुसऱ्या वर्षातला तिसरा भाग लाव, मांजराचा. ग्रिमशॉबाई पाळकाकडे चष्म्यावरून बघतात आणि ते वाक्य सुरू करतात. वाक्य पुरं व्हायच्या आधीच एक बाई हसते, सगळ्या स्टुडिओच्या आधी. हसता हसता तिला उचकी लागते.

रागाने लिहायला बसलो होतो. आता पुढे लिहवत नाही.

क्लिफ


क्लिदरो
बुधवार, २९ मार्च

चि. क्लिफर्ड यास,

अ. आ. या खेपेला लिहिलेत, आणि तेही दात-ओठ खाऊन.

पत्र वाचून पहिल्यांदा ते चुलीत घातलं. मग चार दिवस शेजारच्या बेरिलशी बोलले नाही, कारण तिच्याकडे ते डीव्हीडीचं यंत्र आहे आणि तुझी जुनी आवृत्तीही आहे. तिने ती माझ्यापासून पाच वर्षं शिवणाच्या टोपलीखाली लपवून ठेवली होती. माझ्याभोवती सगळे लपवणारेच भरलेत. शेवटी शनिवारी गेले तिच्याकडे. म्हटलं, क्लिफर्ड खोटारडा आहे, हे सिद्ध करून येते.

ती आईच आहे.

उचकी लागल्यावर ती नाक ओढते, ते ऐकलंयस का? सर्दीत ओढायची तसं. बेरिलने पुन्हा लावू का विचारलं. मी म्हटलं, लाव. चहा दोनदा गार झाला. सगळे तीस भाग संपवायला मला पाच दिवस लागले, आणि आई प्रत्येकात आहे. एका भागात फक्त खोकते. बाकीची माणसं कुठे हसली ते मला सांगता यायचं नाही. मी एकटीचंच ऐकत होते. आणि सांगायला लाज वाटते, पण मलाही दोन-तीनदा हसू आलं. तुझ्या विनोदाला नव्हे. ती हसली म्हणून.

ते खाटकाचं दुकान आता रोज डोळ्यांपुढे येतं. खांदे हलत होते तिचे. आणि मी मूर्खपणाने हातरुमाल पुढे केला, तर तिने तो तोंडात कोंबला होता. मला वाटलं, हुंदका दाबते आहे. अकरा वर्षं त्या खाटकाशी बोलले नाही मी! आता तोही गेला, माफी मागायची कुणाची?

तुम्ही दोघांनी मला पाच वर्षं वेड्यात काढलंत. ती गेल्यावर तू आणखी बावीस वर्षं गप्प बसलास. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही आणि करीन असं वाटत नाही. पण त्याहून मोठं पाप तू आत्ता करतो आहेस. आईचा आवाज या जगात दुसऱ्या कुठल्या टेपवर आहे? एकाही नाही. टेलिफोनला ती घाबरायची. आणि तू तो पुसायला होकार देऊन बसलास! तुला कान आहेत की नाहीत? आणि तुझी ती ग्रिम्स्बीची विधवा, मांडीवर ट्रे घेऊन एकटी बसते ती. घरात माणसं आहेत असं तिला ज्याने वाटतं तेच काढून टाकल्यावर तिने हसायचं कुणाबरोबर? तूच लिहितोस आणि तुलाच कळत नाही.

आता नीट ऐक. दुकान देते. पाटी देते, धुऊन पुसून देते. तुझ्या प्रियाबाईंना जेवायला भांडंभर मटण-बटाटे रांधून घालीन. पण हसणं राहिलं पाहिजे, सगळं, उचकीसकट, खोकल्यासकट. त्यातलं तसूभर जरी कुणी कमी केलं तर पाटी घेऊन मी स्वतः लंडनला येईन आणि तुझ्या डोक्यात घालीन. सांग त्या पोरीला, की हात लावलात, विकत घेतलंत.

उत्तराची वाट बघते. ही ओळ लोभाची समज.

एनिड


रिचमंड
सोमवार, ३ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी प्रियाला फोनवर वाचून दाखवलं, शिव्या न गाळता. तिने उचकीची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली की हसणं राहील. पाटी न्यायला ती मे महिन्यात येते आहे. तिला मटण चालत नाही, बटाटे चालतात.

तू विचारलंस, कान आहेत की नाहीत. आहेत, ताई, तेच तर झालंय. आई गेल्यापासून एकही भाग मी पुरता ऐकलेला नाही. रंगमंच, नट, सगळं ठीक असतं. ते हसणं आलं की मला खोलीतून उठावं लागतं. प्रियाने ते काढूया म्हटलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, म्हणून हो म्हणालो. तुला फॅशनचं कारण लिहिलं ते खोटं होतं. आपल्या घरात लपवण्याची रीतच आहे, तूच म्हणतेस.

काल रात्रीचं जेवण ट्रेमध्ये वाढून घेतलं आणि मांजराचा भाग लावला. पाळक आला, मांजर आलं, ग्रिमशॉबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

उठलो नाही. उचकीपर्यंत बसलो.

तुझा, मार खायला कधीही हजर असलेला,
क्लिफ

ता. क. : लोकरीच्या फुलांचं ते चक्र आईनेच विणलेलं होतं. शेवटच्या भागानंतर तिने ते नटांना भेट दिलं होतं. जाळलंस त्याबद्दल मीही तुला माफ केलेलं नाही. मेमध्ये भेटू तेव्हा भांडू.