अष्टमीचा डाव

अण्णा, काल भाचीने विचारलं, "मावशी, तू इतकी खंबीर कशी गं?" मी नेहमीचंच सांगितलं, पत्त्यांनी. आणि मग दिवसभर तुमचा संताप येत राहिला.

तीन पानी मला तुम्हीच शिकवलीत, दिवेआगरच्या वाडीत, विहिरीच्या कट्ट्यावर बसून. पैसे नसत, सुपाऱ्या लावायच्या. चांगली पानं बघून मी हसले की तुम्ही डाव मोडायचात. "पानं हातात ठेव, तोंडावर नको." हरून रडले, तर रडं थांबेपर्यंत पुढची पानं वाटायचा नाहीत.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी मी मॅट्रिक झाले. कॉलेजचा विषय निघाला की थोरले काका म्हणायचे, "शिकून काय मामलेदारीण होणार?" आणि मला धीर शिकवणारे तुम्ही, बाप असून, जमिनीकडे बघायचात. प्रवेशाचा जून तसाच गेला.

मग गोकुळाष्टमी आली. त्या दुपारी आपल्याकडे उपाशीपोटी पत्ते खेळायचे, आणि डावावर दिलेला शब्द मोडला तर वाडीला फळ धरत नाही, असं काकाच सांगत. त्यांनी पानं टाकली, उरलो आपण दोघं. माझ्या सुपाऱ्या संपल्या. तुम्ही म्हणता, "सुपाऱ्या राहू देत. जिंकलीस तर कॉलेज. हरलीस तर काका सांगतील त्या घरी लग्न." काका हसतात. "बघ हो पोरी, अष्टमीचा शब्द आहे!" माझ्या हातात नव्वी, पंजी, दुर्री, एकाला एक न जुळणारी. मी तोंडावरची रेष हलू देत नाही. "चालेल," म्हणते. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघता आणि पानं पालथी टाकता.

सख्ख्या भावाला "ती जाईल" एवढं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुम्ही माझा जन्म डावावर लावलात. सोळा वर्षांची होते मी. त्यानंतर कॉलेजात, नोकरीत, आईच्या प्रेताशेजारीसुद्धा मी चेहरा हलू दिला नाही. लोक दगड म्हणाले. तुम्ही पुढे अकरा वर्षं जगलात, त्या दुपारच्या डावाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. मीही विचारलं नाही.

टाकलेली पानं उलटायची नाहीत, हा नियम. पत्ते आवरताना मी तुमची उलटली होती. तीन राजे होते.

भाचीला मी हे सांगितलं नाही. निव्वळ हिमतीवर जिंकले, म्हणाले.