शिंदीच्या झावळ्यांचा रविवार

बाबा,

उद्या झावळ्यांचा रविवार आहे, ईस्टरच्या आधीचा. इथे वडशाच्या चर्चमध्ये शास्त्रवाचन या वेळी माझ्याकडे आलंय. शाळेतून निवृत्त झालेली बाई, उच्चार स्वच्छ, म्हणून पाळकसाहेब मला सांगतात आणि मी हो म्हणते. दुपारपासून तो उतारा उघडून बसले आहे. गाढवीचं शिंगरू, रस्त्यात अंथरलेली वस्त्रं, होसान्ना ओरडणारी माणसं. पुढे वाचलं जात नाही. डोळ्यांसमोर येते ती सावली गावाकडची आपली वस्ती, अकरा घरांची मंडळी आणि कौलारू खोलीत सतरंजीवर भरणारी आपली उपासना.

पाळक तीन-चार महिन्यांतून एकदा यायचे, बाकीचे सगळे रविवार तुमचे. आठवडाभर लाकूड डेपोवर चौकीदारी करायची, आणि रविवारी इस्त्री नसलेला पण धुतलेला पांढरा सदरा घालून उभं राहायचं. शास्त्र वाचताना तुमचं ‘नाई’ एकदम ‘नाही’ व्हायचं, याचं मला लहानपणी फार नवल वाटे. वर्ष कसं चालतं ते मी कॅलेंडरवर शिकले नाही, तुमच्याकडून शिकले. धान घरात आलं की नाताळाआधीचा आगमनकाळ, पळस फुलला की उपवासाचे चाळीस दिवस, मोहाची फुलं पडू लागली की प्रभूचं दुःखसहन. मोहाच्या दिवसांत बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जायच्या आणि उपासनेला उशिरा यायच्या. मी एकदा म्हटलं होतं की यांना प्रभूपेक्षा मोह मोठा आहे. तुम्ही मला सगळ्यांसमोर थांबवलंत. “ज्याची चूल मोहावर पेटते, त्याले मोठा म्हणाव लागते, पोरी. थांबू आपण. प्रभूले घाई नाई.” आणि त्या वर्षापासून मोहाच्या दिवसांत उपासना दहाला सुरू होऊ लागली. गडचिरोलीची मोटारही दहालाच यायची. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मी सातवीत होते त्या वर्षी आईला झावळ्यांच्या रविवारच्या आधी चार दिवस ताप येत होता. थंडी वाजायची, घाम यायचा, उतरायचा, ती उठून भात टाकायची. आपल्याकडे हिवताप कुणाला येत नाही? शनिवारी तुम्ही नाल्यावरून शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्यात, आणि आईनं भिंतीला टेकून बसून त्यांचे काटे विळीनं काढले, पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून. मी त्या वर्षी सगळ्यांच्या पुढे झावळी घेऊन चालणार होते आणि गीताचं पहिलं कडवं एकटी म्हणणार होते. महिनाभर आईच माझ्याकडून ते घोटून घेत होती.

रविवारी सकाळी शेजारची काकू आली, जिच्या घरात बुद्धाची तसबीर होती आणि जी आईला धाकटी बहीण म्हणायची. आत जाऊन आईला बघून ती बाहेर आली आणि तुमच्यासमोर उभी राहिली. “भाऊ, बाईचं बोलणं मले बराबर नाई वाटून राह्यलं. मोटारीनं दवाखान्यात घेऊन जा तिले.” तुम्ही सदऱ्याची बटणं लावत होतात. हात थांबले. “उपासना कोण घेईन? सांजच्या मोटारीनं नेलं त चालन काय?” काकू म्हणाली, “मी काय सांगू भाऊ. मी डॉक्टर आहो काय?” मग तुम्ही माझ्याकडे वळलात. मी आईजवळून उठून आले होते, हातात झावळी होती. “तू होती तिच्यापाशी. आंग कसं आहे मायचं?”

मी आईच्या कपाळाला हात लावला होता, बाबा. भाजत होतं. तिनं मला ओळखलं की नाही हेसुद्धा मला कळलं नव्हतं.

“कमी आहे जी,” मी म्हटलं.

तुम्ही उरलेलं बटण लावलंत. काकू आईजवळ बसली. आम्ही गात गात वस्तीला फेरी मारली, मी पहिलं कडवं म्हटलं, कुठंही चुकले नाही. मोटार आमच्या बाजूनं धूळ उडवत गेली तेव्हा आम्ही होसान्ना म्हणत होतो. सांजच्या मोटारीत आईला चौघांनी उचलून ठेवलं. मंगळवारी ती गेली. ताप मेंदूत चढला होता. डॉक्टरांनी कुणाला बोल लावला नाही, फक्त इतकंच विचारलं, “सकाळी का नाही आणलं?” तुम्ही मान खाली घातलीत. मी बाजूलाच उभी होते.

उत्तम शुक्रवारची उपासना तुम्हीच घेतलीत. कबरेच्या तोंडाशी धोंड लोटली, इथपर्यंत वाचून शास्त्र मिटलंत. ईस्टरच्या रविवारी पहाटे रिवाजाप्रमाणे तुम्ही म्हणालात, “प्रभू उठला आहे.” ‘खरोखर उठला आहे’ हे उत्तर दरवर्षी आई पहिल्यांदा द्यायची, मोठ्यानं, आणि तिच्यामागून सगळे. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. तुम्ही दुसऱ्यांदा म्हणालात. माझं तोंड उघडलं नाही. शेवटी मागून एका म्हाताऱ्या बाईनं हळू आवाजात उत्तर दिलं आणि तुम्ही पुढचं वाचायला घेतलंत.

त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही भात करपवलात. भाताचा गंज चुलीवरून खाली उतरवून तुम्ही चुलीपाशीच बसलात. “मोटार होती,” तुम्ही म्हणालात. “मीच ठेवलं तिले इथी. उपासना सोडली नाई मी.” मी कांदा चिरत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी कांदा चिरून संपवला, मग दुसरा घेतला.

त्यानंतर किती वर्षं तुम्ही वाचत राहिलात. प्रार्थनेत पूर्वी तुम्ही खूप मागायचात: पाऊस, पोरांना अक्कल, डेपोतल्या साहेबाला दया. आता काहीच मागत नव्हतात, फक्त लिहिलेलं तेवढं म्हणायचात. मंडळीतली माणसं माजरीला, चंद्रपूरला कामाला गेली, सतरंजी मोठी वाटू लागली. प्रभूनं मेलेल्या लाजराला उठवल्याची गोष्ट यायची तेव्हा तुम्ही पानं उलटून पुढे जायचात. एकदा मी विचारलं तर म्हणालात, “लाजराची बहीण मार्था बराबर बोलली होती. प्रभू वेळेवर आला असता त भाऊ मेला नसता. उशिरा आलेल्यानं काय वाचाव ते?” मी तेव्हा नोकरीला लागले होते. चांगली मोठी होते, तेव्हाही गप्प राहिले.

चर्चमध्ये दर रविवारी आम्ही पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, म्हणतो. ‘आम्ही’ असं म्हणायचं असतं, सगळ्यांनी मिळून. त्या ‘आम्ही’मध्ये लपायला फार जागा आहे. क्षमेचे शब्द ऐकू येतात, मी आमेन म्हणते, आणि आत काही हलत नाही. पूर्वी वाटायचं, एखाद्या ईस्टरला हलेल.

तुम्ही गेलात त्या आगमनकाळात मी आठ दिवस तुमच्याजवळ होते. एका दुपारी उन्हात खाट टाकली होती. तुम्ही विचारलंत, “तुले माहा राग आहे काय? मायच्या पायी?” मी म्हटलं, “नाई जी.” तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही माझा हात धरलात. “मले वाटे, प्रभू नाई करन माफ. तू केलं. बस झालं.”

मी तो हात धरू दिला. जी माफी मी तुमच्याकडे मागायची, ती मीच तुम्हाला दिली, आणि तुम्ही ती कृतज्ञतेनं घेतलीत. तुमच्या मृत्यूनंतर लोक म्हणाले, शेवटी चेहरा शांत होता. मलाही तसंच दिसलं. तेव्हापासून मला ईस्टरच्या उत्तराची भीती वाटत नाही. मी सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणते, खरोखर उठला आहे, आणि त्यातलं काहीच माझ्यापर्यंत येत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे ठाऊक असल्यामुळेच लिहिता आलं. तुम्ही आज त्या खाटेवर असतात, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला असतात, तरी मी ‘नाई जी’ एवढंच म्हटलं असतं.