रुळावर वाळलेली शाई

चि. धाकट्यास,

आज आशीर्वादाला हात उचलवत नाही. ठशांची शाई लवकर वाळावी म्हणून तू तिच्यात वाळवायचं औषध भसाभस ओतलंस. मी थेंबभर टाक म्हणालो, तर म्हणालास, "दादा, तुझ्या थेंबाथेंबाने आपण म्हातारे होऊ!" छाप वाळले, तू गाडी पकडलीस आणि ठशांवर शाई फिरवायचा रूळ न पुसता तसाच राहिला. बाबांनी स्वतः चामडं चढवलेला रूळ! आता त्यावर शाई दगडासारखी बसली आहे. रॉकेल झालं, तेल झालं. देवाचं नाव घेत घासतो, तर मध्येच तुझं येतं, तेही शिवीसकट.

तुझी वहिनी म्हणते, "झापा त्याला एकदाचं." पण तू रुसलास की वर्ष वर्ष फिरकत नाहीस. म्हणून हे टपालात टाकत नाही. रूळ गेलाच, आता तुलाही घालवायची हिंमत नाही.

अजून घासत बसलेला,
तुझा दादा